श्रीरामपूर (पश्चिम बंगाल)

श्रीरामपूर : पश्चिम बंगालच्या हुगळी जिल्ह्यातील एक नगर आणि त्याच नावाच्या उपविभागाचे मुख्य ठिकाण. लोकसंख्या १,८१,८४२ (२०११). हुगळी नदीच्या पश्चिम काठावर, कोलकात्याच्या उत्तरेस ते वसले आहे. हावडा–बंडेल लोहमार्गावर हावड्यापासून हे स्थानक सुमारे २० किमी. पडते. नदीपलीकडे बराकपूर आहे. दक्षिणेस रिषडा आणि उत्तरेस शेओडाफुली व बैद्यबाटी ही गावे इतकी एकमेकांना चिकटली आहेत की, कुठले गाव कुठे संपते हे बाहेरच्या माणसाला दुकानांवरच्या पाट्या वाचूनच समजते. नगरपालिका १८६५ पासूनची. व्यवहाराची भाषा बंगाली. गिरण्यांच्या वस्त्यांत हिंदी, भोजपुरी, उर्दू आणि ओडियाही कानावर पडते. अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूरशी या गावाचा संबंध नाही. मराठी छपाईच्या इतिहासात ज्या श्रीरामपूरचा उल्लेख येतो, ते मात्र हेच.

आजच्या नकाशावर पाहिले तर हे कोलकात्याचे एक उपनगर आहे. सकाळी भात खाऊन लोकल गाठायची, हावड्याला उतरून बस किंवा फेरीबोटीने कचेरीत पोचायचे आणि रात्री परतायचे, हा इथल्या हजारो घरांचा क्रम. पण या गावाचे मोठेपण नेमके ते कोलकात्याचे नव्हते त्या काळातले आहे. १७५५ ते १८४५ या नव्वद वर्षांत श्रीरामपूरवर डेन्मार्कचा झेंडा होता. ब्रिटिश राजधानीपासून नावेने काही तासांच्या अंतरावर असूनही तिथे ब्रिटिशांचा हुकूम चालत नव्हता. कोलकात्यात ज्याला मज्जाव, त्याला इथे थारा मिळे. बंगाली गद्य, भारतीय भाषांतील छपाई, देशी वृत्तपत्रे यांतले पुष्कळसे या एका सोयीतून उगवले.

डॅनिश वसाहत

डॅनिश कंपनीने बंगालच्या नवाबाकडून, म्हणजे अलिवर्दी खानाकडून, १७५५ मध्ये परवाना मिळवला. सुरुवातीची जागा साठ बिघे होती : नदीकाठच्या श्रीपूरला तीन बिघे आणि आतल्या आकना गावात सत्तावन्न. पुढे शेओडाफुलीच्या जमीनदाराकडून श्रीरामपूर, आकना आणि पियारापूर ही गावे वार्षिक खंडाने घेतली गेली. राजा पाचवा फ्रेडरिक याच्या नावावरून वसाहतीला फ्रेडरिक्सनगर म्हटले जाई. कागदोपत्री ते नाव टिकले, लोकांनी आपले श्रीरामपूरच चालवले.

या परवान्याच्या आधीची दहा-पंधरा वर्षे बंगालला फार वाईट गेली होती, आणि त्याला कारण आपल्याकडचे होते. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या १७४२ पासून सुरू झाल्या आणि १७५१ च्या तहापर्यंत हुगळीच्या पश्चिमेचा मुलूख त्यांत होरपळला. बारगीर या शब्दावरून आलेला ‘बर्गी’ बंगाली अंगाईगीतांत आजही येतो, तो मुलांना भीती घालण्यासाठीच. मराठी वाचकाने हे माहीत असू द्यावे. याच काठावर पन्नास वर्षांनी नागपूरचा एक पंडित मराठी पुस्तके छापून घेत बसलेला दिसतो, त्याची पार्श्वभूमी ही आहे.

१७७७ मध्ये वसाहत कंपनीकडून थेट डॅनिश राजाच्या अखत्यारीत आली. तिचा कारभार दीर्घकाळ ओले बी या अधिकाऱ्याने पाहिला. तो जन्माने नॉर्वेचा. गावाला ना कोट होता ना मोठी फौज. होता तो तटस्थ झेंडा. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या वर्षांत इंग्रज, फ्रेंच आणि डच एकमेकांची जहाजे पकडत होते, तेव्हा डॅनिश जहाजातून माल पाठवणे सुरक्षित होते. इंग्रज कंपनीचे नोकर खाजगी व्यापारात कमावलेला पैसा याच जहाजांतून मायदेशी धाडत. कोलकात्यात कर्जबाजारी झालेला माणूसही सावकाराला चुकवून इथे येऊन राही. नेपोलियनच्या युद्धांत डेन्मार्क इंग्लंडच्या विरुद्ध बाजूला गेला आणि ही तटस्थता संपली. इंग्रजांनी १८०१ मध्ये काही काळ आणि १८०८ ते १८१५ अशी सात वर्षे गाव ताब्यात ठेवले. त्यानंतर व्यापार पुन्हा सावरला नाही. १८४५ च्या कराराने डेन्मार्कने तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचे त्रंकेबार आणि श्रीरामपूर ही दोन्ही ठाणी मिळून साडेबारा लाख रुपयांना ईस्ट इंडिया कंपनीला विकली.

छापखाना

ब्रिटिश मुलखात परवान्याशिवाय धर्मप्रचारकांना राहता येत नसे. म्हणून जॉशुआ मार्शमन, विल्यम वॉर्ड व त्यांचे सोबती ऑक्टोबर १७९९ मध्ये कोलकात्याला न उतरता थेट श्रीरामपूरला आले. १७९३ पासून बंगालमध्ये असलेला विल्यम केरी जानेवारी १८०० मध्ये त्यांना येऊन मिळाला. ओले बी याने त्यांना आश्रय दिला. केरी मूळचा चांभारकाम करणारा, मार्शमन शाळामास्तर, वॉर्ड मुद्रक. तिघांचा उद्देश उघडपणे धर्मांतराचा होता आणि त्यात त्यांना यश बेताचेच आले. पण त्यांनी मार्च १८०० मध्ये जो छापखाना थाटला, त्याचे माप वेगळ्या फूटपट्टीने घ्यावे लागते. १८०१ ते १८३२ या काळात त्यातून चाळीस भाषांतल्या सुमारे २,१२,००० प्रती बाहेर पडल्या.

या कामात पंचानन कर्मकार आणि त्याचा जावई मनोहर यांचा वाटा केरीइतकाच आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पंचानन हा धातूवर कोरीव काम करणाऱ्या घराण्यातला. चार्ल्स विल्किन्स या कंपनीच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली त्याने १७७८ च्या बंगाली व्याकरणासाठी अक्षरे कोरली होती. श्रीरामपूरला आल्यावर त्याने बंगाली आणि पाठोपाठ देवनागरी खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरे, घडवले. हे काम किती चिकाटीचे आहे हे समजण्यासाठी त्याच्या पायऱ्या पाहाव्यात. पोलादी कांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे. ती कांडी तापवून पाण्यात बुडवून कडक करायची. तिचा ठसा तांब्याच्या तुकड्यावर ठोकून साचा करायचा. त्या साच्यात शिशाचा रस ओतून एकेक खिळा पाडायचा. रोमन लिपीला शंभराच्या आसपास निरनिराळे खिळे पुरतात. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे धरून कित्येक शेकडा लागतात, आणि त्या प्रत्येकाची शिरोरेषा शेजाऱ्याच्या रेषेला बरोबर भिडली पाहिजे. पंचानन लवकरच वारला. मनोहरने पुढची अनेक वर्षे हे काम चालवले आणि आशियातल्या कितीतरी लिप्यांचे खिळे या एका गावात तयार झाले. मार्शमनच्या चिनी छपाईसाठीही धातूचे खिळे इथेच पाडले गेले.

केरीला १८०१ मध्ये कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली आणि संस्कृत शिकवण्याची नेमणूक मिळाली; पुढे तो मराठीही शिकवू लागला. ज्या सरकारने त्याला राहायला परवाना दिला नव्हता, त्याच सरकारला आपल्या तरुण अधिकाऱ्यांसाठी त्याची गरज पडली. छापखान्याला त्यामुळे पाठ्यपुस्तकांचे काम मिळाले. रामराम बसूने लिहिलेले राजा प्रतापादित्याचे चरित्र १८०१ मध्ये इथे छापले गेले. मूळ बंगालीत लिहून छापलेल्या गद्य पुस्तकांत ते अगदी पहिल्यांपैकी आहे.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी छापखान्याला आग लागली. कागदाचा साठा, खिळे आणि केरीच्या बहुभाषी शब्दकोशाचे हस्तलिखित जळून गेले. ढिगाऱ्यात पोलादी ठसे मात्र शाबूत सापडले. वितळलेला धातू गोळा करून त्याच ठशांवरून खिळे पुन्हा पाडायला सुरुवात झाली आणि काम लवकरच सुरू झाले. हस्तलिखित मात्र गेले ते गेलेच.

एप्रिल १८१८ मध्ये इथून ‘दिग्दर्शन’ हे बंगाली मासिक निघाले आणि मेमध्ये ‘समाचार दर्पण’ हे साप्ताहिक. छपाईला लागणारा कागदही इथेच बने. त्या गिरणीसाठी १८२० मध्ये इंग्लंडहून वाफेचे इंजिन आणले गेले. हा छापखाना माणसे घडवण्याचेही ठिकाण होता. इथे काम शिकलेले गंगाकिशोर भट्टाचार्य पुढे कोलकात्याला गेले आणि त्यांनी स्वतःची पुस्तके व वृत्तपत्र काढले.

मराठीशी संबंध

मराठी शब्द छापले जाण्याची सुरुवात गोव्यात, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’पासून झाली, पण ती रोमन लिपीत. आपल्या लिपीत खिळ्यांनी छापलेल्या मराठी पुस्तकांची सलग परंपरा शोधत गेले की श्रीरामपूरला जावे लागते. केरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये निघाले. त्या वेळी मोडीचे खिळे तयार नव्हते म्हणून मराठी मजकूर बाळबोधीत छापावा लागला. १८१० मधला मराठी–इंग्रजी कोश मात्र मोडी खिळ्यांनी छापलेला आहे. मराठी दप्तरे, हिशेब आणि पत्रव्यवहार तेव्हा मोडीत चालत, आणि कंपनीच्या अधिकाऱ्यांना वाचायचे होते ते हेच कागद. त्यानंतर ‘सिंहासन बत्तिशी’ (१८१४), ‘हितोपदेश’ (१८१५) आणि ‘राजा प्रतापादित्याचे चरित्र’ (१८१६) ही मराठी पुस्तके निघाली.

या सगळ्यांमागे केरीचे मराठीचे पंडित, नागपूरचे वैजनाथ शर्मा, उभे होते. केरीने व्याकरणाच्या प्रस्तावनेत आपल्या मराठी पंडिताचे ऋण मान्य केले आहे. मराठीच्या शाळकरी इतिहासात मात्र केरीचे नाव येते आणि वैजनाथांचे गळते, ते बरोबर नाही. प्रतापादित्याचे चरित्र हे रामराम बसूच्या बंगाली पुस्तकाचे भाषांतर. बंगालच्या एका जमीनदार राजाची कथा मराठीत छापली जाते आणि तीही बंगालमध्ये, याचे कारण एवढेच की, तेव्हा महाराष्ट्रात मराठी पुस्तके छापण्याची परंपरा अजून रुजली नव्हती. मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले ते १८३२ मध्ये आणि ‘दिग्दर्शन’ मासिक १८४० मध्ये. श्रीरामपूरच्या दोन्ही नियतकालिकांची नावे अशी मुंबईला पुन्हा भेटतात.

महाविद्यालय आणि चर्च

केरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी १८१८ मध्ये श्रीरामपूर कॉलेज स्थापन केले. ख्रिस्ती नसलेल्या विद्यार्थ्यांनाही तिथे प्रवेश होता. डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याने २३ फेब्रुवारी १८२७ रोजी सनद देऊन या कॉलेजला पदव्या देण्याचा अधिकार दिला. कोलकाता, मुंबई आणि मद्रास ही विद्यापीठे त्यानंतर तीस वर्षांनी आली. १८४५ च्या विक्रीकरारात ही सनद पुढे चालू राहील असे स्वतंत्र कलम घातले गेले, म्हणून डॅनिश गेले तरी सनद गेली नाही. कला व विज्ञान शाखा आता कोलकाता विद्यापीठाशी संलग्न आहेत. धर्मशास्त्राच्या पदव्या मात्र श्रीरामपूरचे सिनेटच देते आणि देशभरातील ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या संस्था त्याच्याशी जोडलेल्या आहेत, पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरीही त्यांपैकी एक. नदीकडे तोंड करून उभ्या असलेल्या खांबांच्या मुख्य इमारतीच्या आवारातच केरी ग्रंथालय आहे. वनस्पतिशास्त्र हा केरीचा दुसरा ध्यास. त्याने इथे बाग उभारली, रॉक्सबर्गचा भारतीय वनस्पतींवरील ग्रंथ संपादून छापला आणि १८२० मध्ये कृषी व उद्यानविद्येची संस्था काढण्यात पुढाकार घेतला. वॉर्ड १८२३ मध्ये, केरी १८३४ मध्ये आणि मार्शमन १८३७ मध्ये इथेच वारले. मिशनच्या दफनभूमीत तिघांच्या कबरी आहेत.

सेंट ओलाफ चर्चचे काम १८०० मध्ये सुरू होऊन १८०६ मध्ये संपले. दर्शनी भागावर राजा सातवा ख्रिश्चन याची मोहोर कोरलेली दिसते. इमारतीसाठी वर्गणी जमवली गेली आणि कंपनीचा गव्हर्नर जनरल वेलस्ली यानेही तिला हातभार लावला. गव्हर्नर जनरलचा बंगला समोरच्या बराकपूरच्या काठावर होता आणि चर्चचा मनोरा त्या बंगल्यातून दिसे.

माहेशचा रथ

डॅनिश इतिहास वाचून श्रीरामपूरला जाणाऱ्याला गावातला माणूस आधी माहेशबद्दल सांगतो. माहेश हा नगराचाच दक्षिणेकडचा भाग. तिथली जगन्नाथाची रथयात्रा १३९६ पासून चालत आल्याचे मानले जाते आणि पुरीखालोखाल जुनी म्हणून ती बंगालभर ओळखली जाते. परंपरा अशी : ध्रुवानंद ब्रह्मचारी पुरीला गेले, देवाला स्वतःच्या हाताने नैवेद्य द्यावा अशी त्यांची इच्छा होती, पण तिथल्या सेवकांनी ती मानली नाही. ध्रुवानंद अन्नपाणी सोडून बसले. तेव्हा देवाने दृष्टान्त दिला की, माहेशला जा, गंगेतून कडुलिंबाचा ओंडका वाहत येईल, त्याच्या मूर्ती कर. पुढे चैतन्य महाप्रभूंच्या परिवारातील कमलाकर पिपलाई यांच्याकडे सेवा आली आणि त्यांच्या वंशाकडे ती राहिली. चैतन्यांनी या जागेला ‘नव नीलाचल’, म्हणजे नवी पुरी, म्हटले, असे भाविक सांगतात. आजचे देऊळ १७५५ मधले, म्हणजे डॅनिश झेंडा लागला त्याच वर्षीचे.

लाकडी रथ जळत, मोडत. म्हणून १८८५ मध्ये कृष्णचंद्र बसू यांनी लोखंडी सांगाड्याचा रथ करवला. तोच अजून ओढला जातो. उंची ५० फूट, वजन सुमारे १२५ टन, चाके बारा, वर नऊ शिखरे आणि पुढे तांब्याचे दोन घोडे. ज्येष्ठ पौर्णिमेला स्नानयात्रा होते. दुधा-पाण्याच्या स्नानाने देवाला ताप येतो, दार बंद होते आणि वैद्यांच्या काढ्याचा उपचार चालतो. आषाढ शुद्ध द्वितीयेला देव बरा होऊन रथात बसतो. जी. टी. रोडवरची वाहतूक थांबते, दुकानांच्या छपरांवर आणि गच्च्यांवर माणसे चढतात, जाड दोर हजारो हात धरतात. रथ सरळ सुरळीत चालत नाही : हिसक्याने निघतो, काही अंतर जातो, थांबतो, आणि प्रत्येक वेळी एवढ्या लोखंडाला पुन्हा गती देताना सगळा रस्ता एका सुरात ओरडतो. देव मावशीच्या घरी, ‘माशीर बाडी’ला पोचतो आणि आठवड्याने ‘उलटा रथ’ त्याला परत आणतो. मेळ्यात तळलेले पापड आणि जिलबी खाल्ल्यावाचून बंगाली माणसाची रथयात्रा पुरी होत नाही. श्रीरामपूरचे ‘गुटके संदेश’ ही मिठाईही प्रसिद्ध आहे. जवळच्या वल्लभपूरला राधावल्लभाचे देऊळ आहे. नदी सरकत आल्याने जुने देऊळ सोडावे लागले. त्या रिकाम्या देवळात १८०६ मध्ये हेन्री मार्टिन हा पाद्री राहिला होता, म्हणून इंग्रजी लिखाणात त्याचे नाव त्या वास्तूला चिकटले.

गिरण्या, लोकल आणि आजचे गाव

१५ ऑगस्ट १८५४ रोजी हावडा ते हुगळी अशी पूर्व भारतातली पहिली प्रवासी गाडी सुरू झाली. मध्ये थांबे तीनच होते : बाली, श्रीरामपूर आणि चंदननगर. डॅनिश झेंडा उतरून नऊच वर्षे झाली होती. नावेचे काही तास तासाभरावर आले आणि गाव कोलकात्याला कायमचे बांधले गेले. शेजारच्या रिषड्याला १८५५ मध्ये भारतातली पहिली ताग गिरणी निघाली. मग काठाकाठाने धुराडी उभी राहत गेली. बिहार, पूर्व उत्तर प्रदेश आणि ओडिशातून मजूर आले आणि भद्रलोकांच्या, म्हणजे सुशिक्षित मध्यमवर्गीयांच्या, पाड्यांशेजारी गिरणगाव वसले. स्वदेशीच्या लाटेत १९०६ मध्ये बंगलक्ष्मी कापड गिरणी इथे सुरू झाली आणि १९०८ मध्ये सरकारी विणकाम संस्था. ती संस्था आज वस्त्रतंत्रज्ञानाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. साड्यांवरील छपाई हा इथला अजून तग धरून असलेला धंदा : लांबलचक टेबलावर रेशमी साडी ताणून लावतात आणि दोघे कारागीर दोन बाजूंनी चौकट उचलत, ठेवत, रंग ओढत पुढे सरकतात.

विजेची लोकल हावड्याहून शेओडाफुलीपर्यंत डिसेंबर १९५७ मध्ये आली. कर्जत-बदलापूरच्या माणसाला इथला ‘डेली पॅसेंजर’ लगेच ओळखू येईल : ठरलेला डबा, ठरलेली टोळी, पत्ते, राजकारण, फुटबॉल आणि झालमुडी (मसालेदार मुरमुरे). नदी ओलांडायची तर जुगल आढ्य घाटावरून बराकपूरच्या धोबी घाटाला फेरी आहे. दोन काठांवरचे दोन लोहमार्ग तिने जोडले जातात, म्हणून ती कामाची वेळ सुटताना गच्च भरते. गावात फिरायला टोटो, म्हणजे विजेची रिक्षा. गोस्वामी घराण्याच्या राजबाडीत, खांबांच्या विस्तीर्ण ठाकुरदालानात (पूजेच्या दालनात), दुर्गापूजा होते.

डॅनिश वास्तूंची डागडुजी २००८ नंतर डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या सहभागाने आणि इथल्या वारसा संस्थांच्या मदतीने हाती घेण्यात आली. सेंट ओलाफ चर्चच्या कामाला २०१६ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. १७८६ ची डेन्मार्क टॅव्हर्न ही नदीकाठची खाणावळ पडझडीतून उभी करून २०१८ मध्ये पुन्हा उघडली. काठावरचा हा पट्टा वाचला, हे चांगलेच झाले. आतल्या गल्ल्यांत मात्र व्यापारी घराण्यांचे जुने वाडे वाटण्यांत अडकून पडतात, बांधकाम व्यावसायिकांकडे जातात आणि त्यांच्या जागी चार-पाच मजली इमारती येतात. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या इमारतींना मिळालेले लक्ष या वाड्यांच्या आणि कर्मकारांसारख्या कारागिरांच्या वाट्याला अजून आलेले नाही. ते यायला हवे, आणि वैजनाथ शर्मांमुळे त्यात मराठी संस्थांनाही काही करण्याजोगे आहे.